कोतवालाचा पगार : भिलाईच्या संदर्भात पोलीस-खर्चाच्या वाटणीचा विचार

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, अशी मराठीत म्हण आहे. पोसणारा आणि पोसला जाणारा यांच्या नात्याविषयीचा हा लोकानुभव पोलीस या संस्थेला कितपत लागू पडतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे. पोलिसाचे चित्रण करणाऱ्या साहित्यकृतींचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच सत्ता, हिंसा आणि न्याय या कल्पनांकडे जाते. पोलिसाला पगार कोण देतो, हा प्रश्न त्या मानाने रूक्ष आणि हिशेबनिसाच्या कक्षेतला वाटतो. तथापि खर्च कोण सोसतो, हुकूम कोण देतो आणि जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते एकमेकांपासून तुटले की नागरिकाची जी अवस्था होते, तिचे दर्शन साहित्यात वारंवार घडते. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा मागोवा मुख्यतः भिलाई या शहराच्या आधारे घेतला आहे.

भिलाईची निवड दोन कारणांनी उचित ठरते. पहिले कारण ऐतिहासिक आहे. दुर्ग जिल्ह्याचा हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, पुढे मध्य प्रांतात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत त्याचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, तेव्हा भिलाई हे नागपूर राजधानी असलेल्या राज्यातील एक खेडे होते. मराठी प्रशासकीय परिभाषेचे अवशेष या भागात आजही आढळतात, ते यामुळेच. दुसरे कारण रचनेचे आहे. गाव, कारखाना, रेल्वे आणि महापालिका या चारही व्यवस्था येथे एकमेकींना लागून उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या पहाऱ्याचा खर्च वेगळ्या तिजोरीतून होतो.

कोतवाल आणि कोटवार

संस्कृत ‘कोट्टपाल’ या शब्दाशी नाते सांगणारा ‘कोतवाल’ हा शब्द मध्ययुगीन नगरव्यवस्थेत शहराच्या सुरक्षेचा प्रमुख अधिकारी या अर्थाने रूढ झाला. पेशवेकालीन पुण्यातील कोतवालाकडे चोरीचा तपास, रात्रीचा पहारा, बाजारावरील देखरेख, परक्या माणसांची नोंद अशी नाना कामे असत. कोतवाली ही सरकारच्या दृष्टीने केवळ खर्चाची बाब नव्हती. दंड आणि निरनिराळ्या परवानग्यांची फी यांतून तिला उत्पन्नही होत असे. पहारा ज्यांच्यावर ठेवायचा त्यांच्याकडूनच पहाऱ्याचा खर्च निघावा, हे तत्त्व त्यात अनुस्यूत होते. त्याचा धोकाही उघड होता : गुन्हा वाढला की कोतवालीचे उत्पन्न वाढे.

खेड्यातील व्यवस्था निराळी होती. तेथे जागल्या, महार, रामोशी यांच्याकडे राखणीचे काम असे आणि त्याचा मोबदला वतनी जमीन व बलुते या रूपाने गाव देई. चोराचा माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत येई, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा अथवा चोरीची भरपाई करावी, असा दंडक होता. एल्फिन्स्टनने १८१९ सालच्या आपल्या अहवालात गावाच्या या सामुदायिक जबाबदारीची दखल घेतली आहे. येथे खर्च, हुकूम आणि जबाब या तिन्ही गोष्टी एकाच शिवेच्या आत होत्या.

या एकत्रपणाचे उदात्तीकरण मात्र करता येत नाही. गावाने मोबदला द्यायचा याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की सेवेचा बोजा विशिष्ट जातींवर पिढ्यान्‌पिढ्या पडायचा आणि त्या सेवेला काळवेळाची मर्यादा नसायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते याच अन्यायावर बोट ठेवून. गावाला राबणारा माणूस मिळतो, पण त्या माणसाला नेमका पगार देण्यास कोणीच बांधलेले नसते, ही वतनाची खरी गोम होती. कनिष्ठ ग्रामवतने पुढे १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने रद्द झाली.

आज महाराष्ट्रात ‘कोतवाल’ म्हणून ओळखला जाणारा माणूस तलाठ्याच्या हाताखालचा कनिष्ठ महसुली सेवक आहे. गावच्या पोलीसकामासाठी १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला, राज्याकडून मानधन घेणारा पोलीस पाटील असतो. छत्तीसगडात त्याच शब्दाचे ‘कोटवार’ हे रूप टिकून आहे. १९५९ च्या जमीन महसूल संहितेनुसार नेमला जाणारा कोटवार गावातील जन्ममृत्यूची, गुन्ह्याची आणि संशयास्पद हालचालींची खबर देतो. सेवेपोटी जमीन मिळण्याची जुनी रीत तेथे अगदी नाहीशी झालेली नाही. दुर्ग शहरातील मुख्य पोलीस ठाण्याला मात्र ‘कोतवाली’च म्हणतात. एकच शब्द एका ठिकाणी शहराच्या ठाण्याचे नाव आहे, दुसऱ्या ठिकाणी खेड्यातील गरीब खबऱ्याचे पद आहे आणि पुण्याच्या इतिहासात भयाचे प्रतीक आहे. शब्दाची ही घसरण पगाराच्या घसरणीशी समांतर आहे.

नगराकडून प्रांताकडे

आधुनिक पोलीसव्यवस्थेचा पाया १८६१ च्या पोलीस कायद्याने घातला. मध्य प्रांताची निर्मितीही त्याच वर्षीची. १८५७ च्या उठावानंतर आलेल्या या कायद्यामागे आयर्लंडमधील सशस्त्र पोलीस दलाचा आदर्श होता. दल प्रांताचे, हुकूम प्रांताचा, असे त्याचे सूत्र होते. खर्चाच्या बाबतीत मात्र कायद्याने काही दारे उघडी ठेवली. कोणा व्यक्तीने मागणी केल्यास तिच्या खर्चाने जादा पोलीस देता येत. रेल्वे, कालवा किंवा कारखाना येथे काम करणाऱ्यांच्या वर्तनामुळे जादा दल आवश्यक वाटल्यास त्याचा खर्च त्या कामाच्या चालकांवर टाकता येई. अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची तरतूद तर विशेष कुप्रसिद्ध ठरली. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे होते. पण ही शिक्षेची युक्ती तेथेही होती. १८९७ साली रँडच्या वधानंतर पुणे शहरावर असे पोलीस बसवण्यात आले आणि त्याचा भुर्दंड पुणेकरांना सोसावा लागला. पैसा देणारा येथे धनी नव्हता; तो आरोपी होता.

याच काळात अनेक नगरपालिकांना शहराच्या पोलिसांसाठी आपल्या उत्पन्नातून वर्गणी द्यावी लागे. पोलिसांवर हुकूम सरकारचा आणि खर्चात वाटा नगराचा, ही विसंगती सुशिक्षित नागरिकांना खुपत होती. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावाच्या धोरणात नगरपालिकांना पोलीस-खर्चातून मोकळे करावे आणि तो पैसा शिक्षण, आरोग्य अशा कामांकडे वळवावा, असा विचार होता. मुंबईत हा वाद दीर्घकाळ चालला आणि महापालिकेच्या बाजूने फिरोजशहा मेहता त्यात अग्रभागी होते. अखेर १९०७ च्या पोलीस-खर्चविषयक कायद्याने तडजोड झाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचणे यांची वाढीव जबाबदारी महापालिकेकडे आली.

ही तडजोड नगराच्या फायद्याची होती, यात शंका नाही. शाळा आणि दवाखाने यांचा विस्तार तिच्यामुळे शक्य झाला. पण तिची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. खर्चात वाटा होता तोवर नगराला निदान प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार होता. ‘आम्ही पैसे देतो, मग आमचे का ऐकत नाही?’ असे सभागृहात विचारता येत होते. बिल गेले, तसा तो प्रश्नही गेला.

इंग्लंडमध्ये याच समस्येचा निकाल उलट दिशेने लागला. १८३५ च्या कायद्याने तेथील बरो नगरांच्या पोलिसांवर नगरसभेच्या समितीची देखरेख आली. १८५६ साली मध्यवर्ती सरकारने कार्यक्षम ठरणाऱ्या दलांच्या पगार व गणवेशाच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग देऊ केला आणि १८७४ साली तो वाटा निम्म्यावर नेला. अनुदानाबरोबर सरकारी निरीक्षकही आले. मालकी नगराची आणि तपासणी सरकारची, असा तो समतोल होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आजही पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांच्या पोलिसांची जबाबदारी प्रांत घेतो. त्याहून मोठ्या नगरांनी संघराज्याचे पोलीस कराराने घेतल्यास पंधरा हजारांच्या आतील नगरे खर्चाचे ७० टक्के आणि त्यावरील नगरे ९० टक्के देतात. उरलेला भाग संघराज्य सोसते. दल कोणाचे असावे हा तेथे नगराच्या राजकारणातील जिवंत प्रश्न आहे. सरी या शहरात दीर्घ वादानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराच्या स्वतःच्या पोलीस दलाकडे सूत्रे आली.

भारतीय राज्यघटनेने १८६१ ची चौकट मोडली नाही. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यांचे विषय आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना ज्या अठरा विषयांची यादी दिली, तिच्यात अग्निशमन आहे, पथदिवे आहेत, स्मशानभूमी आणि कोंडवाडेही आहेत, पोलीस नाहीत. त्यामुळे भारतातील महापौर रस्त्यावर दिवा लावू शकतो, त्या दिव्याखाली कोण उभा राहील हे ठरवू शकत नाही.

भिलाई : एका शहराचे चार पहारे

फेब्रुवारी १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तिच्याभोवती सेक्टरांची वसाहत वाढली. रस्ते, पाणी, दिवे, शाळा, रुग्णालय हे सारे कारखान्याने उभारले. वसाहतीबाहेर सुपेला, खुर्सीपार, जामुल असे भाग स्थलांतरित मजूर, लहान कारखाने आणि व्यापार यांनी भरत गेले. महापालिका आली ती १९९८ साली. नगर आधी आणि नगरसंस्था चाळीस वर्षांनी, असा हा उलटा क्रम आहे. ज्या ठिकाणी कारखानाच नागरी सेवा पुरवतो, तेथे नगरपालिका स्थापन न करण्याची मुभा राज्यपालांना चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनेच दिली आहे. कारखाना हा नगराचा पर्याय होऊ शकतो, हे घटनेनेही गृहीत धरले आहे.

या शहरातील पहिला पहारा राज्य पोलिसांचा. जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या हाताखाली निरनिराळी ठाणी आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘भिलाई भट्ठी’ आणि दुसऱ्याचे ‘छावनी’. मराठी ‘ठाणे’ आणि हिंदी ‘थाना’ हे दोन्ही शब्द ‘स्थान’ या एकाच शब्दाकडे जातात. येथे त्या स्थानाची ओळख भट्टीने आणि छावणीने ठरली आहे. या ठाण्यांचा पगार २००० सालापर्यंत मध्य प्रदेशाच्या तिजोरीतून येई, आता छत्तीसगडच्या तिजोरीतून येतो. २००७ साली छत्तीसगडने स्वतःचा पोलीस कायदा केला, पण दल राज्याचे हे सूत्र कायम राहिले.

दुसरा पहारा कारखान्याच्या भिंतीआत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. १९६८ च्या कायद्याने निर्माण झालेले हे दल केंद्राचे आहे. सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगाच्या व्यवस्थापकीय संचालकाने मागणी केल्यावर ते दिले जाते आणि त्याचा खर्च त्या उद्योगाने द्यायचा असतो. कारखान्याच्या मालमत्तेसंबंधीच्या गुन्ह्यात हे जवान वॉरंटाविना अटक करू शकतात, परंतु पकडलेला माणूस त्यांना पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करावा लागतो. म्हणजे भंगार चोरणाऱ्याला पकडण्याचा खर्च कारखान्याचा, त्याच्यावर गुन्हा नोंदवून तपास करण्याचा खर्च राज्याचा. कारखान्याने पोलीस पोसावेत, ही १८६१ मधील कल्पना शंभर वर्षांनी वेगळ्या गणवेशात पुन्हा अवतरली, असे म्हणता येईल.

तिसरा पहारा रेल्वेचा आणि तो स्वतःच दुहेरी आहे. १९५७ च्या कायद्यान्वये उभे असलेले रेल्वे संरक्षण दल रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण करते आणि त्याचा सर्व भार रेल्वेवर असतो. फलाटावरील आणि गाडीतील गुन्ह्यांचा तपास राज्याच्या रेल्वे पोलिसांकडे असतो. त्यांचा खर्च राज्य आणि रेल्वे यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यायचा, असा प्रघात आहे. भारतीय पोलीसव्यवस्थेत खर्चाची खरीखुरी भागीदारी पाहायची असेल, तर ती अशी फलाटावर दिसते.

चौथा पहारा महापालिकेचा. तो पोलिसी नाही. तिच्याकडे दिवे, चौकातील व्यवस्था, अतिक्रमण-विरोधी पथक अशी साधने आहेत. पण अतिक्रमण हटवायचे झाले की तिला राज्य पोलिसांकडे बंदोबस्त मागावा लागतो. ‘बंदोबस्त’ हा शब्दच अर्थपूर्ण आहे. जमीनमहसुलाची आकारणी आणि गर्दीवरील पहारा या दोन्ही अर्थांनी तो वापरला गेला आहे. पैसा आणि दंडशक्ती यांचे नाते भाषेने या एका शब्दात जपून ठेवले आहे.

१ जुलै १९९२

ही विभागणी कागदावर सुबक दिसते. तिचा कस १९९१–९२ मध्ये लागला. भिलाईतील खाजगी कारखान्यांत ठेकेदारीवर राबणाऱ्या कामगारांना संघटित करणारे छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, झोपेत असताना भिलाईत हत्या झाली. पुढील वर्षी १ जुलै रोजी कायम नोकरी आणि न्याय्य वेतन या मागण्यांसाठी कामगार भिलाई पॉवर हाउस स्थानकाच्या रुळांवर बसले. पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

ज्या जागी माणसे पडली ती जागा रेल्वेची होती. मागण्या खाजगी कारखानदारांकडे होत्या. गोळी झाडणारे दल राज्याचे होते आणि त्या राज्याची राजधानी दूर भोपाळला होती. शहराला महापौर नव्हता, कारण महापालिकाच नव्हती. मृतांच्या नातेवाइकांनी आपल्याच शहरात कोणाच्या दारात उभे राहावे, या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर नव्हते. चार पहाऱ्यांचा खर्च चार तिजोऱ्यांत विभागलेला असला, तर प्रत्येक पहारेकऱ्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. गावच्या शिवेत चोराचा माग थांबला तर गाव भरपाई देत असे. शहराच्या या चार शिवांमध्ये जबाबदारीचा माग कोठे थांबतो, हे सांगता येत नाही.

साहित्यातील जबाब

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने येथे दोन कृतींचा उल्लेख उचित ठरेल. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याच्या अमलात कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांचा गुदमरून मृत्यू झाला आणि १७९१ साली क्षुब्ध जमावाने त्याला ठार केले. या प्रकरणावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली गद्यग्रंथ लिहिला, तो पोलीस कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. नाटकातील कोतवाली पगारावर मिळत नाही. घाशीराम ती मुलीच्या मोलाने मिळवतो. हुकूम त्याच्या हाती येतो, पण सत्ता नाना फडणविसांकडेच राहते आणि शेवटी जबाब द्यावा लागतो तो एकट्या घाशीरामाला. नेमणारा नामानिराळा राहतो. नाटकावर झालेली चर्चा जातीच्या आणि इतिहासाच्या प्रश्नांभोवती बरीच फिरली. नेमणूक आणि उत्तरदायित्व यांच्या फारकतीचे नाटक म्हणूनही ते वाचता येते.

दुसरी कृती गजानन माधव मुक्तिबोध यांची ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता. मराठी कुटुंबात जन्मून हिंदीत लिहिणारे मुक्तिबोध नागपुरात पत्रकारिता करून १९५८ साली राजनांदगावला आले. राजनांदगाव तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होते. भिलाईची भट्टी पेटली त्या वर्षांत हा कवी त्याच जिल्ह्यात राहत होता. १९६४ साली प्रकाशित झालेल्या या कवितेत रात्रीच्या अंधारात एक मिरवणूक निघते. तिच्यात सैनिकी अधिकाऱ्यांबरोबर शहरातील प्रतिष्ठित विद्वान, उद्योगपती आणि एक कुख्यात गुंडही चालत असतो. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कामगारांवरील गोळीबाराचा अनुभव अभ्यासकांनी या कवितेशी जोडला आहे. दिवसा वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसणारी माणसे रात्री एकाच रांगेत दिसतात, हे कवितेचे भयंकर दर्शन आहे. दिवसाच्या हिशेबात तिजोऱ्या वेगळ्या असतात. कवीला त्यांची मिरवणूक एकच दिसते.

तेंडुलकरांच्या नाटकात जबाब एकाच माणसाच्या अंगावर ढकलला जातो, तर मुक्तिबोधांच्या कवितेत तो अनेकांत विरून जातो. पहिली घटना पेशवाईतील एकवटलेल्या सत्तेची, दुसरी आधुनिक विभागलेल्या सत्तेची आहे. दोन्हीकडे ज्याच्यावर अत्याचार होतो त्याला खरा उत्तरदायी सापडत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पोलिसांचा खर्च पुन्हा नगरावर टाकावा, असा निष्कर्ष निघत नाही. गरीब नगराला कमी पोलीस आणि श्रीमंत कारखान्याला जास्त पोलीस, ही विषमता त्याने वाढेल. वतनव्यवस्थेने आणि पुण्यावरील शिक्षेच्या पोलिसांनी स्थानिक खर्चाचे दुष्परिणामही दाखवून दिले आहेत. मुंबईच्या १९०७ च्या तडजोडीने बिलाबरोबर प्रश्न विचारण्याचा हक्कही नगराच्या हातून निसटला, हा त्या इतिहासातील विसरलेला धडा आहे. खर्च राज्याने सोसावा; पण ठाणे ज्या वस्तीत आहे त्या वस्तीच्या निवडून आलेल्या सभेसमोर ठाणेदाराने ठरावीक काळाने कामाचा हिशेब मांडावा, एवढी सोय खर्चाची वाटणी न बदलताही करता येण्याजोगी आहे. कर देणारा नागरिक राज्याला देतो तसाच महापालिकेलाही देतो; दोन पावत्यांमुळे तो दोन माणसे होत नाही.

भाषेने ‘कोतवाल’ हा शब्द शहराच्या अधिकाऱ्यापासून खेड्याच्या कोटवारापर्यंत खाली आणला. त्या कोटवाराला आजही सारे गाव नावाने ओळखते आणि काही घडले तर प्रथम त्याच्याच दारात जाते. भिलाईच्या सेक्टरांत आणि वस्त्यांत राहणाऱ्या माणसाला असे एक दार अजून सापडायचे आहे.